मूळचे आबा

नवख्या माणसाने पेडण्याच्या बाजारात पत्ता कुणालाही विचारावा, आबांना विचारू नये. आबांना पत्ता ठाऊक नसतो अशातला भाग नाही. जरा जास्तच ठाऊक असतो. पण त्यांचा रस्ता आजच्या पेडण्यातून जात नाही.

"बँक ना? सोपं आहे रे बाबा," छत्रीचे टोक चढणीकडे रोखून आबा सांगू लागतात. "मिठाच्या कोठाराकडून वर चढ. पाखल्याचं बिऱ्हाड उजव्या हाताला सोड. इश्कोल लागलं की थांब. तिथंच बँक."

पार्सल पोचवणारा पोरगा स्कूटरवरून बाजाराला घिरट्या घालतो. मिठाचे कोठार त्याला दिसत नाही, कारण तिथे मोबाइलची कव्हरे लोंबत असतात. आगरवाड्याचे मीठ तिथे शेवटचे कधी उतरले, हे आबांखेरीज कुणाला आठवत नाही. पाखल्याचे बिऱ्हाड सापडत नाही, कारण तो गोरा शिपाई डिसेंबर १९६१ मध्ये बाकीच्या पाखल्यांबरोबर गेला आणि त्याच्या खोलीत आता शोर्मा फिरतो. इश्कोल म्हणजे शाळा, इथपासून त्याची तयारी नसते. शेवटी घामाघूम होऊन तो परत आबांपुढे उभा राहतो.

"अंकल, अभी उधर क्या है?"

"आत्ताचं मला काय विचारतोस?" आबा खरोखरच दुखावतात. "ते कुणीही सांगेल."

गावात त्यांना 'मूळचे आबा' म्हणतात, कारण त्यांचे कुठलेही वाक्य "हे मुळात" याने सुरू होते. हा माणूस एकट्या पेडण्याचा नव्हे. जिथे म्हणून चिऱ्याची जुनी भिंत आणि तिच्यावर नवी पाटी आहे, तिथे असा एक आबा उभा असतोच. आमच्या आबांचे वेगळेपण एवढेच की त्यांनी हा छंद सरकारी नोकरीत राहून जोपासला. गोवा मुक्त झाला तेव्हा आबांना नुकते मिसरूड फुटत होते आणि पोर्तुगीजची 'प्रिमेर ग्राव' पदरात होती. ती परीक्षा पुढे कुठेच चालली नाही, म्हणून ते मराठीच्या जोरावर मामलेदार कचेरीत कारकून झाले आणि जन्मभर जमिनीचे एक-चौदाचे उतारे देत राहिले. त्या उताऱ्यात कब्जेदाराचा रकाना असतो, कुळाचा असतो, इतर हक्कांचा असतो. आबांनी मनातल्या मनात त्यात आणखी एक रकाना आखला: 'मुळात'. उतारा घ्यायला आलेल्या माणसाला ते कागद पाच मिनिटांत देत आणि हा रकाना तोंडी भरून द्यायला पाऊण तास घेत. निवृत्तीनंतर कागद सुटला. रकाना राहिला.

सकाळी चहा झाला की आबा छत्री घेऊन गावाच्या पाहणीला निघतात. भगवतीच्या देवळापुढे दोन बाजूंना काळ्या दगडाचे दोन भलेथोरले हत्ती उभे आहेत. तिथे आबा क्षणभर थांबतात, हात जोडतात आणि बरोबरच्या माणसाला सांगतात, "सगळ्या पेडण्यात मूळच्या नेमणुकीवर टिकलेले कर्मचारी हे दोघेच. बदली नाही, बढती नाही, रजा नाही." व्हिस्कोंदचा किताब मिळालेल्या देशप्रभूंच्या वाड्यापुढे आले की मात्र आबांचा आवाज आपोआप खाली येतो. त्या एका वास्तूबद्दल ते "हे मुळात" म्हणत नाहीत, "हे मुळातच" म्हणतात.

सरकारी प्राथमिक शाळेपाशी त्यांची खरी परीक्षा होते. भाऊसाहेब बांदोडकर पेडण्याचेच. १९६३ च्या डिसेंबरात ते मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. इमारती कुठून आणणार? कुठे देवळाच्या अग्रशाळेत, कुठे कुणाच्या वसरीवर, कुठे गोठ्यातली गुरे पलीकडे हलवून फळा टांगला गेला. पुढे शाळांना स्वतःच्या इमारती मिळाल्या. मग पोरे कमी झाली, पटावर चार-पाच नावे उरली, आणि अशा शाळा एकेक करून बंद पडल्या. अशाच एका इमारतीत आता अंगणवाडी भरते. आबा खिडकीतून डोकावून बाईंना सांगतात, "ही मुळात शाळा."

"आता पण शाळाच आहे ना आबा," बाई म्हणतात.

"ही खिचडी शिजते ती? छे! मुळात इथं पावकी-निमकी होती."

आत खिचडीचा वास सुटलेला असतो आणि पंधरा-वीस पोरे कलकलाट करीत असतात. शाळा बंद पडली तेव्हा आबा त्या रस्त्याने दोन वर्षे गेले नव्हते. अंगणवाडी आली तसे रोज जाऊ लागले. बाईंनी हे कधी बोलून दाखवलेले नाही. पोरांचे वाढून झाले की त्या उरलेली खिचडी आबांच्या हातावर ठेवतात आणि आबा ती, मुळात ती तिथे नसायला हवी होती असे सांगत, संपवतात.

आबांचे व्याही डिचोलीचे. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंची हयात खाणीच्या वजनकाट्यावर गेली, त्यामुळे ते प्रत्येक शब्द तोलून टाकतात आणि समोरच्याच्या शब्दात घट काढतात. लेकीचे लग्न ठरवताना आबांनी मुलाचे शिक्षण विचारले नाही, पगार विचारला नाही; "घर मुळात कुणाचं?" एवढेच विचारले. भाऊंनी याचे उत्तर सव्वा तास दिले. त्याच दिवशी सोयरीक पक्की झाली. मुलामुलीची पसंती मागाहून कळली.

हे दोन व्याही एकत्र आले की घरातली माणसे दुसऱ्या खोलीत जातात.

"तुमच्या पेडण्याचं काय सांगता," भाऊ सुपारी कातरत सुरुवात करतात. "तेरेखोल १७४६ मध्येच फिरंग्यांनी घेतला. त्याच साली हळर्णचा किल्ला घेतला आणि तो घेणाऱ्या विजरईला पुढे पोर्तुगालच्या राजाने मार्केझ द आलोर्ना केलं. तुमच्याकडच्या गावाच्या नावावर माणसाला किताब मिळाला, गावाला काय मिळालं?"

"किल्ले गेले असतील. महाल गेला का?" आबा छत्री आपटतात. "पेडणे महाल १७८८ च्या तहात गेला. तुमचं डिचोली १७८१ लाच गेलं. आम्ही सात वर्षं सीनियर."

"तुम्ही सीनियर तर मग तुमच्या तेरेखोलात आज काय आहे?"

हा वार वर्मी बसतो. तेरेखोल मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा. केरीच्या फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे कड्यावर तो बसलेला आहे. पोर्तुगीजांनी घेतल्यावर आत सांत आंतोनीचे देऊळ झाले. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तिथे तिरंगा लावला आणि तुरुंगवास पत्करला. अशा किल्ल्याचे मुक्तीनंतर हॉटेल झाले, आणि त्यातल्या सात खोल्यांना सात वारांची नावे पडली. आबांच्या भाच्याने एकदा कौतुकाने सांगितले की मुंबईच्या साहेबांना रविवारी शुक्रवारात जागा मिळाली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पण हार मानतील तर ते आबा कसले? "हॉटेल झालं म्हणून छप्पर आहे हो," ते भाऊंना म्हणतात. "भोसल्यांच्या वेळी शिबंदी जेवायची, पोर्तुगीजांच्या वेळी पलटण जेवायची, आता टुरिस्ट जेवतो. खाणारे बदलले, चूल चालू आहे. तुमच्याकडचं सांगा."

भाऊ सुपारी तोंडात टाकतात. त्यांच्या भात्यात पहिला बाण नार्व्याचा. "आमच्याकडे देवानंसुद्धा घर बदललं. सप्तकोटीश्वर कदंबांचं कुलदैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर. फिरंग्यांनी ते पाडलं, लोकांनी लिंग नदीपार नार्व्यात, आमच्या डिचोली महालात आणलं. १६६८ मध्ये खुद्द शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावर शिलालेख आहे, वाचता येत असेल तर वाचा. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारनं पुन्हा डागडुजी करून दिलं."

"म्हणजे देव मुळात दिवाडीचा," आबा शांतपणे म्हणतात. "तुमच्याकडे भाडेकरू."

"भाडेकरू? साडेचारशे वर्षं राहतोय! मुंडकार कायद्यानं जागा त्याची झाली!"

कायद्याचा विषय निघाला की कारकून जिंकणार, हे भाऊंना ठाऊक असते. म्हणून ते झटकन हरवळ्याच्या लेण्यांवर येतात. तिथे जांभ्या दगडात कोरलेल्या खोल्या आहेत, खोल्यांत लिंगे आहेत, आणि त्या मुळात कुणाच्या यावर विद्वानांचे एकमत नाही. भाऊंनी यावर व्यवहारी तोडगा काढला आहे. शाळेची सहल आली तर लेणी पांडवांची. विद्यापीठाचा कुणी आला तर बौद्धांची. श्रावणी सोमवारी गेले तर शंकराची. "पांडवांनी वनवासात वस्ती केली म्हणतात त्या सगळ्या गुहा मोजा," आबा कुत्सितपणे म्हणतात, "वनवास शंभर वर्षांचा भरेल. बिचारे राज्य कधी करणार?"

मग डिचोलीचा नमाजगाह निघतो. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाशी बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला, त्याचा मुक्काम १६८३ च्या सुमारास या भागात होता, आणि त्या आठवणीशी ही वास्तू जोडलेली आहे. "शहजादा पुढं इराणला निघून गेला," भाऊ सांगतात. "पण त्याचं नाव डिचोलीत राहिलं. एवढ्या मोठ्या बापाचं राज्य बुडालं, मुलाची भिंत उभी आहे."

यावर आबांना उत्तर सुचत नाही. उत्तर सुचले नाही की ते चहा मागतात.

अशा वेळी खरे उत्तर आतून येते. आबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, चहाचे पेले ठेवता ठेवता म्हणतात, "भाऊ, यांचंही सांगा की. हे मुळात सकाळी नऊला कचेरीत जायचे आणि संध्याकाळी सहाला घरी यायचे. आता दिवसभर घरात असतात. ही जुनी वास्तू कुठल्या खात्यात घालायची?"

भाऊ हसतात. आबा हसत नाहीत. ते त्या वाक्यातली वर्षे तपासत असतात.

इतक्या वर्षांच्या संगतीत आबांच्या बोलण्यातली एक खोच माझ्या ध्यानात आली आहे. पेडण्यात बंद घरे पुष्कळ. एका घराचे बावीस वारस; त्यातले काही मुंबईत, काही आखातात, एखादी लिस्बनला. गोव्याच्या कायद्याप्रमाणे मुलगे आणि मुली यांचा हिस्सा सारखा. आपसात वाटणी करायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. आणि सह्या जमेपर्यंत पावसाळे थांबत नाहीत. एका वर्षी शाकारणी चुकली की नळे सरकतात, वासा भिजतो, मग भिंतीची माती वाहून जाते. चौथ्या-पाचव्या पावसात चौकात तुळशीवृंदावनाशेजारी पिंपळ उगवतो. अशा घरांवरून जाताना आबा मुके असतात. छत्री वर होत नाही, 'मुळात' निघत नाही. ज्या घराला 'आता' आहे, त्यालाच ते 'मुळात' लावतात. मोबाइलच्या कव्हरांना ते शिव्या देतात, पण त्या कव्हरांच्या वरचे छप्पर गळत नाही हे त्यांनी आधी पाहून घेतलेले असते.

हे कळल्यावर आबांच्या स्वतःच्या घराचा उलगडा होतो.

घर चौकाचे, पुढे लांबलचक वसरी. मागचे घर आबांचे, वसरी जगाची. घराण्यातली समजूत अशी की सावंतवाडीकरांच्या अमलात तिथे स्वारांची पागा होती. पोर्तुगीज अमलात आबांचे आजोबा रेजिदोर, म्हणजे गावचे अंमलदार, झाले आणि घोड्यांच्या जागी गावची भांडणे येऊन बसू लागली. १९६४ मध्ये शाळा आली. आबा सांगतात, सरकार भाडे देई, पण मागितल्यावर. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणाऱ्यांची निशाणी फूल, वेगळा राहावा म्हणणाऱ्यांची दोन पाने. आबांच्या वसरीवर फूलवाल्यांची कचेरी आली आणि रात्रीतून कुणीतरी भिंतीवर हुरमुंजी रंगात हातभर फूल काढले. पेडण्याने फुलाला भरघोस मते दिली, गोव्याने पानांना. फुलावर चुना मारला गेला. पुढे रेशनचे दुकान, मग पतसंस्था, आणि आता गेली काही वर्षे तिथे गावातल्याच एका मुलीचे ब्युटी पार्लर आहे.

पार्लर आले तेव्हा आबांनी सात दिवस अन्नावर राग काढला. आठव्या दिवशी मुलीने ओलीची म्हणून भिंत खरवडली आणि चुन्याखालून फूल वर आले. तिला ते इतके आवडले की तिने त्याच्याभोवती गुलाबी चौकट काढली आणि पाटीवरही तेच घातले. आता पेडण्यातल्या नवऱ्या मुली विलीनीकरणाच्या फुलाखाली बसून भुवया कोरून घेतात. आबा रोज सकाळी फुलाकडे बघतात. "हे मुळात..." म्हणतात आणि मुलगी आरसा पुसत म्हणते, "माहीत आहे आबा, महाराष्ट्र." एवढा इतिहास पेडण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही पार्लरवालीला तोंडपाठ नसेल.

डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, पुढल्या महिन्यात विमाने उतरू लागली, आणि पेडण्यातल्या पडक्या भिंतींनाही मोटारी लागू लागल्या. अशाच एका मोटारीतून दिल्लीच्या एक आर्किटेक्टबाई उतरल्या. त्यांना आबांचे माडीसकट पुढचे घर पाहुण्यांच्या मुक्कामासाठी लीजवर हवे होते. त्यांनी चिऱ्यांवर हात फिरवला, खिडकीतल्या शिंपल्यांच्या तावदानांचे फोटो काढले आणि म्हणाल्या, "अंकल, हम इसको बिलकुल ओरिजिनल कर देंगे."

आबांनी छत्री भिंतीला टेकवली. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो दिल्लीहून चालत आला होता.

"ओरिजिनल कौनसा?" आबांनी विचारले, आणि पुढचे सगळे हिंदी-मराठीच्या सरमिसळीत झाले. "सावंतवाडीचं हवं तर घोडे लागतील. आजोबांच्या वेळचं हवं तर सालाझारचा फोटो आणि बांधावरून भांडणारे दोन भाऊ रोज सकाळी आणून बसवायचे. चौसष्ट सालचं हवं तर चाळीस पोरं आणा, आमच्याकडे आता मिळत नाहीत. सदुसष्टचं म्हणाल तर फूल तयार आहे, पण खाली ब्लीच चालू असतं."

बाई गोंधळल्या. "सबसे पुराना वाला?"

"मग घोडे," आबा म्हणाले. "माडीवर चढत नाहीत, पण ते तुमचं तुम्ही बघा."

दाराआडून काकी पुढे आल्या. त्यांनी एकच विचारले, "दर पावसाळ्याआधी शाकारणी कोण करणार?"

"हम करेंगे," बाई म्हणाल्या.

काकींनी आबांकडे पाहिले. आबांनी फुलाकडे पाहिले. माडी आणि माजघरापुढच्या दोन खोल्या द्यायच्या, वसरीवरचे पार्लर हलवायचे नाही, नळे काढून पत्रे घालायचे नाहीत, असे ठरले. सल्ल्यासाठी भाऊंना डिचोलीहून बोलावणे गेले. भाऊंना यातले सगळे कळते. त्यांच्या पुढच्या खोलीत खाण कंपनीची कचेरी होती. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तिथे शिकवणी आली, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या तेव्हा व्यायामशाळा आली. वजनकाट्यावरचा माणूस आता शेजारी बसून लोकांनी उचललेली वजने मोजतो.

करारनामा आबांनी स्वतः लिहायला घेतला. वकील नको म्हणाले. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे कागद लिहिले, एक आपला लिहू द्या. चतुःसीमा लिहिल्या, खिडक्या मोजल्या, नळ्यांचा आकडा घातला. शेवटी जन्मभर मनात आखलेल्या रकान्याला वाट करून दिली: 'भाडेकरूने सदर वास्तूचा मूळ वापर बदलू नये.'

नोटरीने चष्मा वर केला. "मूळ वापर कुठला? तो लिहावा लागेल. मोघम चालत नाही."

आबांनी पेन उचलले. पागा लिहावी तर स्वारांकडून दाणागोट्याशिवाय जागेचे पैसे घेतले होते, हे आजीकडून ऐकलेले. कचेरी लिहावी तर आजोबा दर महिन्याला खोलीचे पैसे वेगळे लावत. शाळा, फूल, रेशन, पतसंस्था, पार्लर: एकेकावरून आबांचे पेन घुटमळत पुढे सरकले. भाऊ सुपारी चघळायचे थांबले. काकी दारात उभ्या होत्या. त्यांना उत्तर लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून माहीत होते.

आबांनी सुवाच्य कारकुनी अक्षरात लिहिले: 'मूळ वापर — भाड्याने देणे.'

आणि खाली सही ठोकली.